मच्छरदाण्या मृगाआधी पाड्यावर पोहोचाव्यात : दाते आणि वाटप यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
सातपुड्यातील पाड्यांसाठी मच्छरदाण्या दान करणाऱ्या सर्व संस्था, कंपन्या व मंडळे, तसेच त्या वाटपाचे नियोजन करणारे शासकीय अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

मी खानदेशातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ३१ वर्षे आरोग्यसेवक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. तापाच्या रुग्णाचे बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा नमुना घ्यायचा, तो प्रयोगशाळेत पोहोचवायचा आणि अहवालात हिवताप (मलेरिया) निघाला की गोळ्या घेऊन पुन्हा तोच डोंगर चढायचा, हे माझे काम होते. निवृत्तीनंतर या विषयावर जाहीरपणे बोलण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते. पण गेल्या वर्षी जे घडले आणि यंदा जे ठरले आहे, ते पाहून गप्प बसणे मला जमत नाही.

गेल्या वर्षी एका दानशूर संस्थेने आमच्या भागासाठी दिलेल्या मच्छरदाण्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या गावी येऊन पडल्या आणि डिसेंबरात वाटल्या गेल्या. मधले पाच महिने त्यांचे गठ्ठे एका सभागृहाच्या मागच्या खोलीत होते, कारण वाटप समारंभासाठी प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. यंदा पुन्हा देणगी जाहीर झाली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र नियोजनाच्या बैठकीत वाटप पुन्हा तालुक्यालाच, पुन्हा समारंभानेच आणि पुन्हा एका शिधापत्रिकेमागे एक मच्छरदाणी या हिशेबानेच करायचे ठरले आहे. मी कोणाचे नाव घेणार नाही, कारण माझी तक्रार एखाद्या माणसाविरुद्ध नसून या पद्धतीविरुद्ध आहे, आणि ही पद्धत एकट्या आमच्या तालुक्यापुरती नाही.

त्या पाच महिन्यांतली एक गोष्ट सांगतो. सप्टेंबरात माझ्या ओळखीच्या एका पाड्यावरची सहा महिन्यांची गरोदर बाई फाल्सिपॅरम या सर्वांत घातक प्रकारच्या हिवतापाने आजारी पडली. नाल्यावरचा रस्ता वाहून गेला होता, म्हणून बांबूला बांधलेल्या झोळीतून चौघांनी तिला खाली आणले. बाई वाचली, पोटातले मूल वाचले नाही. तिच्या घरच्या शिधापत्रिकेवर मिळायची असलेली मच्छरदाणी त्या दिवशी तालुक्याच्या त्या बंद खोलीत होती. ती मिळाली असती तर हे टळलेच असते असे मी म्हणणार नाही. आयुष्यभर रक्तनमुने घेतलेला माणूस असे छातीठोकपणे बोलत नाही. पण डिसेंबरात त्याच बाईला व्यासपीठावर बोलावून तिच्या हातात मच्छरदाणी देताना छायाचित्र काढले गेले, तेव्हा मी तिथे समोर बसलो होतो, आणि मला मान वर करता आली नाही.

पहिली तक्रार म्हणूनच वेळेची आहे, आणि ती नीट समजावी यासाठी या रोगाचे वेळापत्रक थोडे सांगावे लागेल. आमच्या भागात हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, संथ पाणी लागते : नाल्याच्या कडेची डबकी, भाताची खाचरे, खडकातल्या खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी. (गावात धुरळणीचे यंत्र फिरले की लोकांना काहीतरी झाल्यासारखे वाटते, पण गटारावर सोडलेल्या धुराचा डोंगरातल्या डबक्याशी काही संबंध नसतो.) मृगाचा पाऊस पडला की ही सगळी ठिकाणे भरतात. अंड्यापासून डास तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, रुग्णाला चावलेल्या डासाच्या शरीरात हिवतापाच्या जंतूची वाढ पुरी व्हायला साधारण १० ते १४ दिवस जातात, आणि असा डास निरोगी माणसाला चावल्यावर ताप यायला पुन्हा दीड-दोन आठवडे. म्हणजे जूनमध्ये सुरू झालेली साखळी जुलै-ऑगस्टमध्ये माणसांत दिसू लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कळसाला जाते. ही साखळी तोडायची तर मच्छरदाणी पहिल्या पावसाआधी खाटेवर टांगलेली हवी. डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत लोक शेकोटीभोवती निजतात, आणि तेव्हा दिलेली मच्छरदाणी सरळ ट्रंकेत जाते.

डिसेंबराला आणखी एक अडचण आहे, जी आमच्या भागात राहणाऱ्या कोणालाही न सांगता कळते. दिवाळीनंतर पाड्यावरची निम्मी माणसे तिथे नसतातच. कोयता घेऊन ती ऊसतोडीला सुरतेकडे, बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली असतात, आणि तिथे कॅनॉलच्या किंवा शेताच्या कडेला पडावावर, प्लास्टिकच्या कागदाखाली लेकराबाळांसह झोपत असतात. त्यांची मच्छरदाणी इथे वाटप यादीवर सही करून शेजारी घेतो. तिकडून ती माणसे कधी कधी ताप घेऊनच परत येतात. व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या पुऱ्या झाल्या नाहीत तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. मग मृगात पाड्यावरच्या नव्या डासांना जंतू आयताच मिळतो.

या सगळ्यावर उपाय आमच्या पंचांगातच आहे. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ऊसतोडीची बहुतेक माणसे परतलेली असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, नाल्यांना पाणी नसते आणि जीप शेवटच्या पाड्यापर्यंत चढते. आखाजी ते मृग हे साधारण महिना-सव्वा महिन्याचे दिवस मच्छरदाणी देण्यासाठी वर्षातले सर्वांत योग्य दिवस आहेत. नवसंजीवन योजनेत पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांत धान्य आणि औषधे पावसाआधीच नेऊन ठेवली जातात. तीच शिस्त मच्छरदाणीला लावायला नवा शासन निर्णय लागत नाही.

दुसरी तक्रार संख्येची. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब दोन माणसांमागे एक मच्छरदाणी असा आहे. पाड्यावरच्या एका घरात म्हातारा-म्हातारी, दोन भावांचे संसार आणि सहा-सात लेकरे असतात. शिधापत्रिका मात्र एकच असते, कारण ती विभक्त करून घ्यायला तहसील कचेरीच्या जेवढ्या फेऱ्या लागतात तेवढी मजुरी बुडवणे कोणाला परवडत नाही. बारा माणसांच्या अशा घराला सहा मच्छरदाण्या लागतात आणि आपण एक देतो. ती एक मग कर्त्या पुरुषाच्या खाटेवर जाते, किंवा जावई येईल तेव्हा काढू म्हणून घडी घालून ठेवली जाते. पाच वर्षांखालची मुले आणि गरोदर बाया, ज्यांना या रोगाचा सर्वांत जास्त धोका, त्या खाली गोधडीवर उघड्याच निजतात. शिधापत्रिकेवर धान्य मोजता येते, अंथरुणे मोजता येत नाहीत.

तिसरी तक्रार मच्छरदाणी कोणत्या प्रकारची, याची आहे. गेल्या वर्षी वाटलेल्यांपैकी जेवढ्या मी उघडून पाहिल्या तेवढ्या साध्या, पांढऱ्या, आठवडे बाजारात मिळणाऱ्या होत्या. साध्या मच्छरदाणीत झोपेत हात जाळीला टेकला की डास बाहेरूनच चावतो, आणि बोटाएवढे भोक पडले की तो आत येतो. धाग्यातच औषध मुरवलेली, दीर्घकाळ टिकणारी मच्छरदाणी वेगळी असते. तिच्यात डेल्टामेथ्रिन किंवा अल्फासायपरमेथ्रिन यांसारखे पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक असते, त्यामुळे जाळीवर टेकलेला डास मरतो किंवा दूर पळतो, आणि ती थोडी फाटली तरी काही प्रमाणात उपयोगी पडते. पाड्यातल्या बहुतेक घरांत अशा मच्छरदाण्या टांगल्या गेल्या तर डासांची संख्याच घटते, आणि ज्याला मिळाली नाही त्या शेजाऱ्यालाही थोडे संरक्षण मिळते. ती साधारण २० धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षांपर्यंत काम देते. साधीच्या किमतीपेक्षा ती महाग पडते हे खरे. पण त्याच रकमेत कमी मच्छरदाण्या आल्या तरी चालतील, आधी दोन पाडे पुरे करू, असे मी दात्यांना सुचवीन. आकडा मोठा दिसावा म्हणून साध्या घेण्यात पाड्याचा काही फायदा नाही.

चौथी तक्रार लहान वाटेल, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त मच्छरदाण्या इथेच वाया जातात. समारंभाच्या दुसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईने मला तिच्या मोडक्या अहिराणीत विचारले होते, "आप्पा, मच्छरदानी ते भेटनी, पन बांधू कोठे?" कुडाच्या भिंतीत खिळा धरत नाही. चौकोनी मच्छरदाणीला चार कोपऱ्यांना चार दोऱ्या लागतात आणि त्या कौलांखालच्या वाशांना बांधाव्या लागतात. पाकिटात आलेली नाडी तिथवर पोहोचत नाही. दहा-वीस रुपयांची सुतळी सोबत दिली असती आणि कोणी एकदा बांधून दाखवली असती, तर त्या घरात ती टांगली गेली असती. औषधी मच्छरदाणी पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत पसरून ठेवायची असते, नाहीतर पहिल्या रात्री चेहऱ्याला खाज सुटते आणि ‘याने अंग जळते’ अशी बातमी सकाळपर्यंत पाडाभर होते. ती सोड्याने धुऊ नये, दगडावर आपटू नये, उन्हात वाळवू नये. हे सगळे पाकिटातल्या कागदावर छापलेले असते. पण तो कागद अशा मराठीत असतो की ‘कीटकनाशकभारित’ हा शब्द पहिल्यांदा वाचताना मीही अडखळलो होतो. पावरी आणि भिली बोलणाऱ्या बायांना त्या कागदाचा उपयोग चूल पेटवण्यापलीकडे होत नाही.

समजावून न सांगितल्याने काय होते, हे मी लहानपणीही पाहिले आहे. आमच्या गावात डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी करणारे लोक यायचे आणि भिंतीवर फवारणीची तारीख लिहून जायचे. ते वेशीबाहेर गेले की माझी आई ती भिंत शेणमातीने सारवून घ्यायची, कारण पांढरे डाग तिला आवडत नसत आणि त्या सारवणाखाली औषध निकामी होते हे तिला कोणी सांगितले नव्हते. कागदावर घर फवारलेले राहायचे. १९५८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रमाने देशातली रुग्णसंख्या १९६५ पर्यंत सुमारे १ लाखावर आणली होती; १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. डासांची डीडीटीला दाद न देण्याची सवय, पैशाची व साहित्याची टंचाई आणि काम संपल्याची समजूत, अशी त्याची कारणे पुढे आम्हाला प्रशिक्षणात शिकवली गेली. त्यांत मी आईचे सारवण मनातल्या मनात जोडत असे.

आता एका आरोपाबद्दल. ‘यांना मच्छरदाण्या दिल्या की हे त्यांनी मासे धरतात’, हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकले आहे की त्याला उत्तर दिलेच पाहिजे. हो, धरतात. टोमॅटोच्या रोपांवर टाकलेल्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला गुंडाळलेल्या मच्छरदाण्याही मी पाहिल्या आहेत. पण त्यांतल्या बहुतेक फाटलेल्या, चार-पाच वर्षांपूर्वीच्या होत्या, आणि तीन वर्षांनी बदलून देण्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नव्हती. शिवाय हे औषध माशांना विषारी आहे आणि जाळी पाण्यात टाकली की नाल्यातले बारीक मासेही मरतात, हे सांगायला गेलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. ज्या घराला गरजेपेक्षा कमी मिळाल्या त्याच घरावर गैरवापराचा ठपका ठेवायचा आणि पुढच्या वर्षी आणखी कमी द्यायच्या, हा न्याय मला समजत नाही.

काही दाते मला विचारतात की शासन औषधी मच्छरदाण्या देतेच, मग आमची गरज काय? प्रश्न रास्त आहे. शासकीय मच्छरदाण्या जास्त जोखमीच्या भागांना आधी मिळतात, आणि महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत तो भार सर्वांत जास्त गडचिरोलीवर आहे. त्यांच्या वाट्याच्या आम्हाला नकोत. पण जोखीम मोजली जाते ती उपकेंद्राच्या लोकसंख्येत हजारी किती रुग्ण, यावर. आदिवासी भागातले उपकेंद्र साधारण ३,००० लोकसंख्येचे असते. १२० माणसांच्या एका पाड्यावर वर्षात दोन रुग्ण निघाले तर त्या पाड्याचे प्रमाण हजारी १६ च्या वर जाते. तेच दोन रुग्ण ३,००० मध्ये मिसळले की हजारी एकही भरत नाही, आणि तो पाडा यादीतून गळतो. दानाची खरी जागा हे गळालेले पाडे आहेत. देशात २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करायचे, असे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. त्याचा शेवटचा टप्पा असल्या पाड्यांवरच अडणार आहे.

हे होऊ शकते याचा पुरावा लांब शोधायला नको. ओडिशाने २०१७ च्या सुमारास दुर्गम गावांसाठी ‘दमन’ नावाची मोहीम सुरू केली. तिथे ताप असो-नसो, पाड्यावरच्या सगळ्यांची रक्ततपासणी केली, जंतू सापडला त्याला जागेवर औषध दिले आणि त्याच काळात राज्यात सुमारे १ कोटी औषधी मच्छरदाण्या वाटल्या. २०१६ च्या तुलनेत २०१७ मध्ये भारतातले हिवतापाचे रुग्ण २४ टक्क्यांनी घटले, आणि त्याचे मोठे श्रेय जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अहवालात ओडिशाला दिले. तिथे तपासणी, औषध आणि मच्छरदाणी एकत्र गेली, हे विसरून चालणार नाही. मच्छरदाणीचे छायाचित्र चांगले येते, काचपट्टीचे येत नाही. म्हणून दान एकीकडेच वाहते आणि उपकेंद्रात तपासणीचे किट संपलेले असते, हेही दात्यांनी ध्यानात घ्यावे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. यंदाच्या मच्छरदाण्या आखाजीनंतर आणि मृगाआधी, तालुक्याला न उतरवता थेट पाड्यावर न्याव्यात. पाहुण्यांची तारीख मिळाली नाही तर समारंभ दिवाळीत करावा, त्याला आमची हरकत नाही. यादी शिधापत्रिकेवरून करू नये. आशाताई आणि पाडा स्वयंसेवक यांनी घरोघर जाऊन झोपणारी माणसे मोजावीत आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. मच्छरदाण्या कमी पडल्या तर सगळ्यांना एकेक देण्याऐवजी गरोदर बाया आणि लहान लेकरे असलेली घरे आधी पुरी करावीत. साध्या मच्छरदाण्या स्वीकारूच नयेत, आणि खरेदीपूर्वी नमुना व त्यावरचे लेबल जिल्ह्याच्या हिवताप विभागाकडून तपासून घ्यावे. प्रत्येक मच्छरदाणीसोबत पुरेशी सुतळी द्यावी आणि ती त्याच दिवशी टांगून द्यावी. या कामाचा मोबदला आशाताईंना दात्यांनी देणगीच्या रकमेतूनच द्यावा, कारण हे काम त्यांच्याकडून फुकट करून घेण्याची आपल्याला फार सवय लागली आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळा गठ्ठा राखून तो दसऱ्याच्या सुमारास, मुकादमाची गाडी येण्याआधी द्यावा, म्हणजे कोयत्याबरोबर मच्छरदाणीही पडावावर जाईल.

आणि शेवटची मागणी दात्यांकडे. आपल्या अहवालात ‘वाटप केलेल्या मच्छरदाण्या’ असा रकाना असतो. ‘टांगलेल्या’ असा रकाना मी अजून पाहिलेला नाही. ब्रिटनमधली अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन ही संस्था वाटपाआधी घरोघरची नोंदणी आणि वाटपानंतर काही महिन्यांनी घरांत जाऊन पाहणी यांचा आग्रह धरते. आपणही एक माणूस ऑगस्टमध्ये आणि एक ऑक्टोबरात पाठवावा, त्याने पहाटे लोक उठायच्या आत दहा-वीस घरे पाहावीत आणि आलेला आकडा, तो कितीही लाजिरवाणा असला तरी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. तीन वर्षांनी याच घरांना नव्या मच्छरदाण्या देऊ, असे आजच लेखी द्यावे.

यंदाच्या देणगीचा माल कधी येणार ते मला माहीत नाही, पण ज्या दिवशी गाडी पाड्याकडे निघेल त्या दिवशी निरोप धाडा. गुडघे पूर्वीसारखे चढ चढत नाहीत. तरी सुतळीची बंडले घेऊन मी पहिल्या पाड्यावर गाडीच्या आधी पोहोचलेला असेन.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेवक
सातपुड्याचा पायथा, खानदेश